२-० वरून २-२ : शनिवारच्या सामन्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आइस हॉकीचा संघ, पाच सामन्यांची प्लेऑफ सिरीज, पहिले दोन सामने जिंकलेले. तिसऱ्यात २-१ ने पुढे असताना शेवटच्या चार मिनिटांत दोन गोल चढले. चौथा ५-१ असा गेला. पाचवा शनिवारी आहे. ड्रेसिंग रूममध्ये मुलं एकमेकांकडे बघतही नाहीत आणि तुम्ही विचारताय की चार दिवसांत यांचा आत्मविश्वास परत कसा आणू.

मी मूळचा नागपूरचा, मैदानी हॉकी खेळलेला. बर्फावरचा खेळ इथे ऑन्टारियोत आल्यावर मुलाबरोबर शिकलो. गेली एकोणीस वर्षं मुलांच्या संघांबरोबर आहे आणि त्यातली पहिली तीन फक्त बेंचचं, म्हणजे बदली खेळाडू बसतात तिथलं, दार उघडण्यात गेली. डिफेन्सची मुलं दमून आली की दार उघडायचं, ताजी बाहेर सोडायची. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला त्या दाराशी मिळालं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू या. ‘आत्मविश्वास गेला’ म्हणजे ‘ताप आलाय’ म्हणण्यासारखं आहे. ताप दिसतो, पण औषध तापामागच्या कारणावर द्यायचं असतं. मुलांना ‘विश्वास ठेवा, तुम्ही करू शकता’ असं सांगून मी आजवर एकही संघ सावरलेला पाहिलेला नाही. तेरा वर्षांच्या मुलाला हे वाक्य ऐकून एवढंच कळतं की सर घाबरलेत.

मग कारण काय? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा असं होतं : २-० झाल्यावर मुलं समोरच्या संघाशी खेळायचं सोडून घड्याळाशी खेळायला लागतात. कधी एकदाचं संपतंय, असं होतं. हे डोक्यात सुरू होत असेल, पण बाहेरून पहिल्यांदा दिसतं ते पायांत आणि शिफ्टच्या वेळेत, म्हणजे मुलगा एका दमात बर्फावर किती सेकंद राहतो त्यात.

दाराशी उभं राहून मला जे दिसायचं ते सांगतो. आमचा एक डिफेन्सचा मुलगा नेहमी चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत परत यायचा. दार उघडलं की ओठांवर माउथगार्ड लोंबतोय, श्वास जोरात, पण शब्द फुटतोय. सिरीज संपवायच्या सामन्यात तोच मुलगा सत्तर सेकंदांनी आला आणि त्याला बोलता येईना. मी विचारलं, का थांबलास? म्हणाला, ‘पक बाहेर काढल्याशिवाय कसा येऊ?’ पक म्हणजे या खेळातली रबरी चकती; ती आपल्या भागातून बाहेर काढायची होती. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पक बाहेर निघत नव्हता, कारण तो दमला होता. आणि तो दमला होता, कारण आधीच्या शिफ्टलाही तो असाच अडकला होता. असं चक्र एकदा सुरू झालं की पाच-सहा मिनिटांत अख्ख्या संघाचं अवसान गळतं, आणि स्टँडमधून बघणारा म्हणतो, मुलांनी हातपाय गाळले.

दुसरं लक्षण ब्लू लाइनवर, म्हणजे आपला भाग जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेवर. जिंकलेल्या सामन्यांत तुमचे डिफेन्समन समोरच्याला लाइनवरच भिडत होते का? हरलेल्या सामन्यांत ते मागे सरकत सरकत आपल्या गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, पुढ्यात येऊन उभे राहिले का? पुढे असलेला संघ मागे सरतो, कमी शॉट्स मारतो, जास्त झेलतो. हे एनएचएलमध्येही, म्हणजे इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्येही, वर्षानुवर्षं मोजलं गेलंय, मोठमोठ्या संघांचं होतं. तिसरं लक्षण, पक हातात आला की न बघता रिंकभोवतीच्या बोर्डवर किंवा काचेवर भिरकावणं. त्या क्षणी सुटका झाल्यासारखं वाटतं, पण पंधरा सेकंदांत पक परत आपल्याच दारात.

इथे राहणाऱ्यांना टोरोंटोचं उदाहरण सांगायला नको, तरी सांगतो, कारण माझ्या पिढीतल्या पालकांच्या मनात ते कायमचं बसलंय. १३ मे २०१३, बॉस्टनमध्ये प्लेऑफ सिरीजचा सातवा, म्हणजे शेवटचा सामना. टोरोंटोचा संघ मेपल लीफ्स तिसऱ्या पिरियडमध्ये ४-१ ने पुढे. साधारण अकरा मिनिटं उरली असताना हॉर्टनने ४-२ केलं. मग बॉस्टनने गोली बाहेर काढून सहावा खेळाडू आणला. १ मिनिट २२ सेकंद उरले असताना लूचिचने गोल केला आणि त्यानंतर ३१ सेकंदांत बर्जेरॉनने बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये, जिथे पहिला गोल करणारा जिंकतो, पुन्हा बर्जेरॉनच. हातातोंडाशी आलेला घास गेला. ४-२ ला सगळं आटोक्यात होतं. पण तो गोल पडला तेव्हाच माझा मुलगा सोफ्यावरून उठून उभा राहिला होता. मुलांना हे फार लवकर कळतं.

आता दुसरी बाजू, आणि इथे तुम्ही थोडं मन घट्ट करून विचार करा. २-० हे खरंच २-० होतं का?

२०२४ च्या स्टॅन्ली कप फायनलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या अंतिम सिरीजमध्ये, फ्लोरिडा पॅन्थर्स एडमंटनविरुद्ध ३-० ने पुढे गेले. कागदावर दिसायला एकतर्फी. पण पहिल्याच सामन्यात त्यांचा गोली बोब्रॉव्स्की याला ३२ शॉट्स अडवावे लागले होते आणि तिसरा सामना ४-३ असा निसटता सुटला होता. नंतर ८-१, ५-३, ५-१ असे तीन सामने ओळीने गेले तेव्हा सगळ्यांनी म्हटलं की फ्लोरिडा कोसळली. मला तसं वाटलं नाही. दोन्ही संघांत फरक पहिल्यापासून थोडाच होता, तो आधी एका बाजूला पडला, मग दुसऱ्या. सातवा सामना त्यांनी २-१ ने जिंकला. नवीन काहीही न करता, छोट्या शिफ्ट्स, मधली जागा बंद, आणि तोच गोली, ज्याला चौथ्या सामन्यात बदलावं लागलं होतं.

लीफ्सनीही २०२५ मध्ये ओटावाविरुद्ध ३-० ची आघाडी घेतली होती; त्यातले दुसरा आणि तिसरा हे दोन्ही सामने ३-२ असे ओव्हरटाइममध्ये सुटलेले. म्हणजे दोन शॉट इकडचे तिकडे झाले असते तर ती सिरीज १-२ असती. चौथा सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि पाचवा तर घरच्या रिंकवर ४-० ने. लगेच शहरभर ‘ये रे माझ्या मागल्या’ सुरू.

हे मुलांना सांगण्यात फायदा आहे. आपण चांगले होतो आणि अचानक वाईट झालो, असं त्यांना वाटत असतं आणि त्याची त्यांना भीती वाटते. ‘पहिले दोनही सामने आपण थोडक्यात जिंकलो, पुढचे दोन थोडक्यात गेले, शनिवारचाही थोडक्यातच ठरणार’ हे त्यांना पेलवतं. ५-१ थोडक्यात कसा, असं तुम्ही म्हणाल. त्या सामन्याचा व्हिडिओ कोणा पालकाने काढला असेल तर बघा, आणि एवढंच मोजा : पाचपैकी किती गोल दुसऱ्या पिरियडमध्ये झाले?

हे का विचारतो ते सांगतो, कारण मुलांच्या हॉकीत सर्वांत जास्त दुर्लक्ष इथे होतं. दर पिरियडला बाजू बदलतात. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये आपलं बेंच आपल्या गोलच्या बाजूला असतं. दमलेला डिफेन्समन चार ढांगांत दाराशी येतो. दुसऱ्या पिरियडमध्ये बेंच लांब जातं. पक आपल्या भागात अडकला असेल तर बदली करता येत नाही. केली तर समोरच्याला मोकळं रान मिळतं. म्हणून पहिल्या पिरियडमध्ये सत्तर सेकंदांची शिफ्ट खपून जाते, दुसऱ्यात तिचा गोल होतो. एनएचएलमध्ये पहिल्या ओव्हरटाइमलाही बेंच असंच लांब असतं. शिवाय तिथे २००५-०६ पासून नियम आहे की दमून पक मध्य रेषेच्या अलीकडून थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे फेकला, म्हणजे आइसिंग झालं, तर फेकणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेल्याने सुटकेसाठी केलेली गोष्ट त्यालाच आणखी अडकवते. तुमच्यावर झालेले तीन किंवा चार गोल दुसऱ्या पिरियडमधले निघाले तर तुमचा प्रश्न आत्मविश्वासाचा कमी आणि बदलीचा जास्त आहे, आणि बदली चार दिवसांत सुधारते.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, त्या तुम्हीच तपासायच्या. तिसऱ्या सामन्यापासून कोणी जखमी आहे का, किंवा दुखणं लपवून खेळतंय का? या वयाची मुलं जागा जाईल म्हणून मनगट सुजलेलं सांगत नाहीत. समोरच्या प्रशिक्षकाने काही बदललं का, उदाहरणार्थ तुमच्या चांगल्या लाइनसमोर (पुढच्या फळीतल्या तिघांसमोर) डिफेन्सची एकच जोडी सतत सोडली का? पाचवा सामना तुमच्या घरच्या रिंकवर असेल तर शेवटची बदली तुमच्या हातात असते, म्हणजे समोरचे कोण उतरले ते बघून तुम्ही मुलं उतरवू शकता; तिचा उपयोग करा. आणि समोरचा संघ खरंच सरस असेल तर तेही मान्य करा. मग शनिवारची तयारी वेगळी, सामना संथ आणि कमी गोलांचा करण्याची.

गोलीबद्दल वेगळं बोलतो. तिसऱ्या सामन्यातले दोन आणि चौथ्यातले पाच म्हटल्यावर ‘बदलावा का’ हा विचार तुमच्या मनात आलेला असणार. तो स्वतःच्या चुकीने हरतोय की समोर उभी राहिलेली गर्दी त्याला पक दिसू देत नाही, हे आधी बघा. डिफेन्स मागे सरकून त्याच्या पुढ्यात उभा असेल तर दुसरा गोलीही तेच भोगेल. मी तरी त्यालाच ठेवीन, पण त्याच्याशी एकट्याने बोलेन, आजच. ‘शनिवारी तूच’ एवढं वाक्य. त्याला शुक्रवारपर्यंत टांगणीला लावू नका. बदलणारच असाल तर तेही आजच सांगा आणि त्याच्या घरच्यांच्या आधी त्याला सांगा.

पॉवर प्लेकडेही, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतो त्या वेळेकडेही, लक्ष द्या. बिथरलेला संघ तिथे ओळखू येतो. पाच जण आहेत, समोर चार आहेत, पण सगळे जागेवर उभे राहून पास देत राहतात. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने मारावा. फ्लोरिडावर त्या फायनलच्या चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही सामन्यांत एडमंटनने एक खेळाडू कमी असताना गोल केला. लीफ्सवर ओटावाने पाचव्या सामन्यात तेच केलं. एवढ्या पगाराच्या खेळाडूंचं असं होतं, तर तुमच्या मुलांना बोल लावू नका. त्यांना एकच नियम द्या : दोन पासनंतर तिसरा शॉट. चांगला असो वा वाईट. शॉट गेला की सगळे हलतात, आणि हलणाऱ्या मुलाला घाबरायला सवड नसते.

आता सरावाचं. तुमच्याकडे बहुधा एकच सराव असेल. तो लांबवू नका. शिक्षा म्हणून पळवू नका; मी हे केलेलं आहे आणि शनिवारी मुलं जड पायांनी आली. मी त्यात दोनच गोष्टी घेतो. पहिली, खऱ्या बेंचवरून, खऱ्या दारातून बदली. शिट्टी दर चाळीस सेकंदांनी. पक कुठेही असो, जो मध्य रेषेच्या पुढे आहे त्याने यायचंच. जो आपल्या भागात अडकलाय त्याने पक आधी मध्य रेषेपलीकडे न्यायचा, तिथून खोल टाकायचा, मग यायचं. तोच सराव लांबच्या बेंचवरूनही. दुसरी, शेवटची तीन मिनिटं. फळ्यावर २-१ लावा, घड्याळ चालू करा, समोरच्यांना सहा खेळाडू द्या आणि खेळा. बरोबरी झाली तर थांबवू नका, घड्याळ पुढे चालू द्या. जी गोष्ट तिसऱ्या सामन्यात घडली ती त्यांना पुन्हा पाच-सहा वेळा घडू द्या, हसत-खेळत. दोनदा गोल होईल, चारदा होणार नाही. ‘बरोबरी झाली म्हणजे सगळं संपलं’ हा समज तिथेच सैल पडतो.

सामन्याआधी बोलायचं असेल तर थोडकं बोला आणि समोरच्या पाच मिनिटांबद्दल बोला. यामागे माझी एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीही पाचच्या सिरीजमध्ये २-० ने पुढे होतो. तिसऱ्या सामन्याआधी मी मुलांना म्हणालो, ‘पोरांनो, आज संपवून टाकू, म्हणजे परवा परत यायला नको.’ मला वाटलं, मी त्यांना हलकं करतोय. पहिला गोल समोरच्यांनी केला तेव्हा आमच्या बेंचवर एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, ‘म्हणजे परवा यावंच लागणार.’ सामन्याची सव्वा तीन मिनिटं झाली होती. ती सिरीज आम्ही ३-२ अशी हरलो. त्या मुलांपैकी दोघांनी पुढच्या वर्षी खेळ सोडला. फक्त माझ्या वाक्यामुळे सोडला असं मी म्हणत नाही, पण ते वाक्य मी विसरलेलो नाही.

पालकांशीही बोला. आपल्याकडचे पालक देव पाण्यात ठेवून बसलेले असतात आणि त्यात प्रेमच असतं. पण रिंकवरून घरी जाताना गाडीत जे बोललं जातं ते मुलाच्या डोक्यात पुढच्या सामन्यापर्यंत राहतं. मी एकच विनंती करतो : येताना-जाताना सिरीजचा विषय मुलाने काढला तर बोला, नाहीतर जेवायला काय हवं ते विचारा. बहुतेक जण ऐकतात. एखादा बाप ऐकत नाही. त्याला मी शनिवारी काम देतो, स्टॉपवॉच हातात देऊन स्टँडमध्ये बसवतो : आपल्या डिफेन्सच्या शिफ्ट मोज आणि कागदावर लिही. पिरियड संपला की तो कागद घेऊन येतो, आणि मला मुलांपुढे ओरडण्याऐवजी आकडे वाचून दाखवता येतात : एक्कावन्न, अठ्ठेचाळीस, त्रेहात्तर. त्रेहात्तरवाला मान खाली न घालता म्हणतो, ‘हो, तो माझा.’ पुढच्या वेळी तो बेचाळिसाला येतो. हातात धरता येण्याजोगं काहीतरी मिळालं की मुलं सावरतात. निकाल त्यांच्या हातात नसतो, दाराशी यायची वेळ असते.

म्हणजे आतापर्यंतचं एवढंच : दोन हरलेल्या सामन्यांतले गोल पिरियडनुसार मोजा, गोलीला आज सांगा, एका सरावात बदली आणि शेवटची तीन मिनिटं घ्या, पॉवर प्लेवर शॉट मारायला लावा, आणि ‘आज संपवू’ हे शब्द तोंडातून काढू नका.

आणि बरोबरीची तयारी ठेवा. २०२५ ची ती ओटावा-टोरोंटो सिरीज मी मुलांना नेहमी सांगतो ती सहाव्या सामन्यासाठी. लीफ्स २-० ने पुढे होते, समोरच्यांच्या रिंकवर. ओटावाने २-२ केलं, तिसऱ्या पिरियडमध्ये. २०१३ आठवणारा प्रत्येक जण टीव्हीसमोर डोकं धरून बसला. साधारण साडेपाच मिनिटं उरली असताना गोल कोणी करावा? पॅसिओरेटीने, छत्तीस वर्षांचा, जो सिरीजच्या पहिल्या दोन सामन्यांत खेळलाही नव्हता. सामना ४-२ ने संपला, सिरीज जिंकली. तुमच्याही बेंचच्या टोकाला असा एखादा मुलगा असेल, ज्याच्या मनावर गेल्या दोन सामन्यांचं ओझं सर्वांत कमी आहे, कारण तो फारसा खेळलाच नाही. शनिवारी पहिल्या पिरियडमध्येच त्याला दोन-तीन शिफ्ट द्या. शेवटी लागेल तेव्हा तो गार पडलेला नको.

‘आज संपवून टाकू’ म्हणालो होतो ती आमची सिरीज हरल्यानंतर तीन वर्षांनी आम्ही पुन्हा २-० वरून २-२ वर आलो. पाचव्या सामन्यात तीन मिनिटं उरली असताना २-१ ने पुढे होतो. गोल झालाच, २-२. मी बेंचवर मागे उभा होतो, आणि खरं सांगतो, माझ्याच पोटात गोळा आला. पण बर्फावरची पाच मुलं परत येत असताना पुढची पाच आधीच उठलेली होती, एक पाय बोर्डवर टाकून. आमचा कर्णधार दाराशी आला, बसायच्या आधी शेजारच्याला म्हणाला, ‘अडतीस’. त्याची शिफ्ट अडतीस सेकंदांची झाली होती. गोल चढला होता आणि पोरगा सेकंद मोजत होता. ओव्हरटाइम आम्ही जिंकलो, पण मी तो सामना हरलो असतो तरी मला तेच आठवलं असतं.

शनिवारी रात्री निकाल कळवा. आणि शिफ्टच्या वेळांचा कागद केलात तर त्याचाही फोटो पाठवा, दुसऱ्या पिरियडचे आकडे मला बघायचेत.